ढेऱ्याचं लगीन

पहिलंच सांगून टाकते, म्हंजे मागाहून कुणी मला वेडी ठरवायला नको. मी झाडाचं लगीन लावलं. तुळशीचं नव्हे, तुळशीचं काय, सगळेच लावतात. मी लावलं अडेनियमचं, ज्याला रोह्याजवळच्या आमच्या वरसे गावात लोक विखाचं झाड म्हणतात. नवरदेव माझा, नवरी पेणची. आणि मी वरमाई, मानपानासकट.

अडेनियम ज्याने पाहिलं नाय त्याच्यासाठी सांगते. खाली सुरणासारखा फुगलेला गड्डा, निम्मा मातीच्या वर. त्यातून निघालेल्या जाडजूड फांद्या, टोकाला पानांचे झुबके, आणि माझ्या झाडाला फुलं अशी लाल की रस्त्यावरचा माणूस सायकलवरून उतरून बघायचा. गड्ड्यामुळे आम्ही त्याला ढेऱ्या म्हणायचो. पण कुठेही मोडा, चीक येतो, आणि तो चीक विषारी. पोटात गेला तर काळजाचे ठोके चुकतात. आफ्रिकेत म्हणे बाणाच्या टोकाला लावायचे. म्हणून मी छाटणीला रबरी हातमोजे घालते, त्याचं ब्लेड वेगळं ठेवते आणि वर साबणाने हात चोळून धुते. एकदा विसरून त्याच हाताने घाम पुसला तर डोळा भज्यासारखा सुजला होता.

झाड आणलं आमच्या ह्यांनी. हैबतराव धाटावला कंपनीत होते. तिथल्या बागेतून माळ्याने उपटून फेकलेलं, ते ह्यांनी स्कूटरवर पायात धरून आणलं. मी बोलले, घरात पोर हाय आणि विख कशाला आणताय? ते बोलले, "विख त्याच्या पोटात हाय, आपण आपल्या पोटात घालायचं नाय." झालं, विषय संपला. आमच्या मैनाला बजावलं, कुंडी उंच कट्ट्यावर ठेवली, आणि ढेऱ्या आमच्यात राहिला.

पुढे ह्यांना झटका आला नि हे गेले. डॉक्टर बोलले शीर बंद झाली होती. पण वाडीतल्या बायकांना डॉक्टरपेक्षा जास्त कळतं ना. झाडाने धनी खाल्ला, फेकून दे, असं दाराशी येऊन सांगून गेल्या. मी बोलले, ह्यांच्या हाताचं हे एकच जितं माणूस माझ्या अंगणात हाय, फेकायचं तर आधी मला फेका. तेव्हापासून कुणी बोलायला आलं नाय. माझं तोंड तसं प्रसिद्धच हाय.

तोंड असून उपयोग काय, ते मैनाच्या लग्नात कळलं. पेणचं स्थळ, जावई महिपती सोन्यासारखा. पण मी पडले विधवा. कन्यादानाला धाकटे दीर पुंडलिक आणि जाऊ बायजा बसले. मला कुणीतरी गोड आवाजात बोललं की वहिनी, तुम्ही कोठीच्या खोलीत लाडवांकडे बघा. माझी पोर, माझ्या पोटची, आणि तिच्या डोक्यावर अक्षता पडताना मी लाडू राखत बसले होते. त्यात आम्ही मुलीकडचे. विहीणबाई, म्हंजे महिपतीच्या आई कृष्णाबाई, साडीचा काठ बारीक निघाला म्हणून तासभर रुसून बसल्या आणि मी कोठीतूनच हात जोडले. तेव्हा गिळलं सगळं. पण गिळलेलं पचतंच असं नाय.

तर गेल्या थंडीत मैनाने मोबाइलवर फोटो पाठवला. तिच्या सासूबाईंनी पेणच्या नर्सरीतून अडेनियम आणलं होतं आणि त्याला फूल आलं होतं, दुधासारखं पांढरं. मी उडालेच. कारण माझ्या ढेऱ्याला वर्षानुवर्षं फुलं यायची पण शेंग एकदाही धरली नव्हती. याचा पराग इतका आत लपलेला की इकडची माशी तिथवर पोचत नाय, आणि स्वतःचा स्वतःला लागतही नाय. दुसरं झाड लागतं नि माणसाचा हात लागतो. हे मी मोबाइलवर बघून बघून पाठ केलं होतं. ढेऱ्याला पोरं व्हावीत, ह्यांच्या हातचा वेल पुढे चालावा, एवढंच माझ्या मनात. मैनाला बोलले, विचार सासूला.

उत्तर आलं की आमचं पांढरं असं कुणाच्या हातात देत नाय. आता मुलीची आई असं बोलते तेव्हा काय करायचं ते आपल्याला ठाऊक हाय. मी रीतसर मागणी घातली. थट्टेतच घातली. पण फोन ठेवला आणि तांदूळ निवडता निवडता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पराग माझ्या झाडाचा. फूल त्यांचं. म्हंजे नवरदेव रोह्याचा, नवरी पेणची, म्हंजे या खेपेला मुलाकडची मी. सूप तसंच टाकून मी उठले आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. या जन्मात मी वरमाई होऊ शकते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग काय, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे नवरा गप्प होता आणि आईच उतावळी. मैनाकरवी मागण्या धाडल्या. वरमाईला चौरंग पाहिजे. जरीच्या काठाची साडी पाहिजे, काठ रुंद. गोडाचं जेवण पाहिजे. नवरदेवाचे पाय धुतले पाहिजेत. मैना हसून हसून मरायची बाकी होती, पण कृष्णाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असणार, कारण निरोप आला, "सगळं होईल. पेणकर मानात कमी पडत नाय."

नवरदेव लग्नाला जुन्या फुटक्या कुंडीत कसा न्यायचा? मी ढेऱ्याला उपसला, लांबलेली मुळं छाटली आणि पसरट नव्या कुंडीत बसवला. विटांचा चुरा, जाड वाळू, भाताचं तूस, अशी पाणी धरून न ठेवणारी खत-माती घातली. मुळं छाटल्यावर जखमा सुकेपर्यंत थेंबभर पाणी द्यायचं नाय. त्यातून थंडीचे दिवस, पानं गळालेली, टोकाला दोन-चार फुलं तेवढी, झाड निजलेलं. ही गोष्ट मी दिरांना सांगितली, टेम्पोवाल्याला सांगितली, रस्त्यात भेटेल त्याला सांगितली. पेणला तेवढी सांगायची राहिली.

गेलो आम्ही टेम्पोतून. ढेऱ्या माझ्या मांडीवर, मुंडावळ्या बांधून, मोबाइलवर सनई. बायजासुद्धा आली, जी एरवी माझ्या अंगणातून पदर सावरून जाते. नागोठण्याला चहाला थांबलो तर टपरीवाल्याने मुलाचं नाव विचारलं.

व्याही दाजींचा पेणला गणपतींचा कारखाना. सगळीकडे पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या मूर्ती, आणि मध्ये पाटावर नवरी, हिरव्या खणात गुंडाळलेली. दाजी मूर्तींचे डोळे आखतात. त्यांचा हात असा की श्वाससुद्धा कुंचल्याला विचारून सोडतात. मी मोजे घातले, ढेऱ्याचं फूल ब्लेडने उभं चिरून धरलं आणि पराग कुठे असतो ते दाखवलं. दाजींनी डोळे आखायचा सगळ्यात बारीक कुंचला घेतला. पिवळी भुकटी टोकावर आली. मैना मंगलाष्टकं म्हणत होती, आम्ही सगळे अक्षता मुठीत दाबून उभे. दाजींनी पांढऱ्या फुलाच्या पोटात कुंचला घातला, हलकेच फिरवला आणि बाहेर काढला. "झालं," ते बोलले. एवढ्या अक्षता पडल्या की एका गणपतीच्या सोंडेत तांदूळ अडकून बसले. खरं सांगते, मला रडू आलं आणि त्याची लाजही वाटली नाय.

मग मला आत नेऊन चौरंगावर बसवलं. साडी दिली, काठ चार बोटं रुंद. पुढ्यात केशर घातलेला शिरा. कृष्णाबाई स्वतः वाढायला. मी नको नको म्हणत खात होते, अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आणि बाहेर अंगणात नवरदेवाचे पाय धुणं चाललं होतं.

आता झाडाचा पाय म्हंजे काय? गड्डाच ना. आणि पेणकर मानात कमी पडत नाय. कृष्णाबाईंनी भावकीतल्या बायका सांगून ठेवल्या होत्या. जोडीजोडीने यायचं, तांब्याभर पाणी ओतायचं, वर दूध ओतायचं, नमस्कार करायचा. मला सनईत काय ऐकू येणार? शिऱ्याचा हात तसाच घेऊन बाहेर आले तर कुंडी काठोकाठ भरलेली, ढेऱ्या दुधात बसलेला आणि अजून तीन जोड्या रांगेत.

मी कुंडी आडवी केली, पाणी ओतून दिलं आणि तोंड सोडलं. बोलले, "नवरदेव बुडवलात, विहीणबाई."

कृष्णाबाईंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "पाय धुवायला आम्ही नव्हतं मागितलं," त्या बोलल्या.

खरंच होतं ते, म्हणून तर जास्त लागलं. मी नवी साडी चौरंगावर टाकून निघाले. परतीच्या वाटेवर सनई कुणी लावली नाय.

घरी येऊन कोरड्या मातीत घातला, उन्हात ठेवला, पंखा लावला. नाय टिकला. रोज सकाळी गड्डा दाबून बघायचे. एका सकाळी बोट आत गेलं, पिकलेल्या पपईत जावं तसं. सडका भाग कापला, हळद दाबली. आत अजून तांबूस. अजून कापला. फांद्या तरी लावाव्यात म्हणून चिरल्या तर त्यांच्याही मधोमध तांबडं वर्तुळ चढलेलं. ढेऱ्या गेला. परसात खोल खड्डा करून पुरला, गुरांनी उकरायला नको म्हणून वर दगड ठेवले. त्या दिवशी मी चूल पेटवली नाय. बायजा भाकरी घेऊन आली आणि काही न बोलता बसली, याबद्दल तिला सगळं माफ.

कृष्णाबाईंशी अबोला पक्का झाला. मी ठरवलं होतं की मरेपर्यंत.

आणि फोन आला मैनाचा. "आई, शिंगं आली."

पांढऱ्या फुलाच्या जागी दोन शेंगा, जोडीने, बैलाच्या शिंगांसारख्या आडव्या. फोटो आला तेव्हा मी बाजारात होते, तिथेच ओरडले. ढेऱ्याची पोरं. बाप मातीत आणि पोरं पेणला वाढताहेत. आनंदाने मला सुचेना, आणि लगेच ध्यानात आलं, ती ज्या झाडावर होती ते झाड कृष्णाबाईंचं.

मग सुरू झालं भांडण, सगळं मैनाच्या तोंडून. शेंगा आमच्या झाडावर, बिया पेणच्या, असा तिकडून निरोप. मी उलट सांगितलं, पहिलं बाळंतपण माहेरी होतं, मग पोर जातं बापाच्या घरी, ही रीत पेणला नाय काय? तिकडून आलं, बाप हाय कुठे? हे ऐकून मी आठ दिवस मैनाचासुद्धा फोन घेतला नाय.

पण एक खरं, बाईने शेंगा जपल्या डोळ्यांत तेल घालून. या शेंगा पिकल्या की उभ्या तडकतात आणि आतल्या बियांना दोन्ही टोकांना कापसाचे झुबके असतात. वारा लागला की गेल्या. म्हणून कृष्णाबाईंनी दोऱ्याने बांधल्या, वर मच्छरदाणीच्या जाळीची पिशवी चढवली. विषारी झाड म्हणून कारखान्यातल्या कामगारांना लांब ठेवलं. मैना सांगायची की सासूबाई उठल्यावर आधी शेंगा बघतात, मग देवाला हात जोडतात. मला बरं वाटायचं, पण मी ते मैनाला बोलले नाय.

ऐन वैशाखात शेंगा पिवळ्या पडल्या. मैना बोलली, आई, आता येच, नायतर आयुष्यभर मला बोल लावशील. गेले. दारात कृष्णाबाई. मी मैनाला बोलले, तुझ्या सासूला सांग, शेंगा कापून दे. कृष्णाबाई मैनाला बोलल्या, तुझ्या आईला सांग, कच्ची शेंग कापली तर बी मरतं, एवढं तिला कळायला पाहिजे. मला कळत होतंच. मग कृष्णाबाई आत गेल्या आणि चपला घालूनच बाहेर आल्या, कुंडी कडेवर. मैनाला बोलल्या, "सांग, सून सासरी पोचवायला मी येते. बाळंत तिथेच होऊ दे."

तयारीने भांडायला गेले होते आणि समोरचं माणूस अर्ध्या वाटेवर येऊन उभं.

रोह्याची एसटी पकडली. तिघी एका बाकावर, मैना मधे, कुंडी कृष्णाबाईंच्या मांडीवर. गाडी भरलेली, लग्नाची माणसं, धाटावला दुसऱ्या शिफ्टला चाललेले कामगार, आंब्याच्या पेट्या. ऊन असं की खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. आम्ही अजून मैनाकरवीच बोलत होतो. नागोठणं सुटल्यावर गाडीने एक खड्डा असा घेतला की सगळे वर उडाले. कुंडी दांडीवर आपटली, जाळीची पिशवी फाटली, दोरा सुटला, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक शेंग तडकली.

मैना ओरडली, पण त्याआधी बिया निघाल्या होत्या. पांढरे झुबके लावून एकेक बी तरंगत वर गेलं आणि सगळ्या गाडीत पसरलं. दोन तर खिडकीतून गेल्याच. मी उभी राहून बोंबलले, खिडक्या लावा, माझ्या ढेऱ्याची पोरं चालली. ढेऱ्या कोण हे कुणाला ठाऊक? पण लोकांनी खिडक्या ओढल्या. कंडक्टरने घंटी मारून गाडी उभी केली. आणि मग अख्खी गाडी बिया धरायला लागली. धाटावचे कामगार टोपीत झेलत होते, नऊवारीतली एक आजी बाकावर चढून हात उंचावत होती, एक बी कंडक्टरच्या मिशीला बसलं ते त्याने न हलता मला काढू दिलं. मी सारखी सांगत होते, तोंडात घालू नका, हाताने डोळे चोळू नका, विखारी हाय. एकाने घाबरून बी सोडलं तर शेजारच्याने त्याला शिव्या घालून परत धरलं. घामाने निथळत होते सगळे आणि हसत होते.

या गडबडीत दुसरी शेंग मुठीत घट्ट धरून कृष्णाबाई बसल्या होत्या, जाळीच्या तुकड्यावरून. माझ्याकडे बघून ओरडल्या, "गिरजाबाई, तुमच्या पायाजवळ दोन." अबोला कुठच्या कुठे गेला. मी वाकले, बाकाखाली गेले आणि दोन नाय, चार घेऊन वर आले.

लोकांनी बिया आणून दिल्या त्या कृष्णाबाईंच्याच पदरात, कारण झाड त्यांच्या मांडीवर. कुणी हक्काने आणून दिल्या, कुणी नमस्कार करून. रोह्याला उतरलो तेव्हा त्यांचा पदर गच्च मुठीत. आत पांढरा ढीग, मुठीतच तडकलेली दुसरी शेंगही त्यांनी सोलून त्यात घातलेली. मी बघत उभी राहिले. मागायला तोंड उघडेना. माझं तोंड, आणि उघडेना. बिया त्यांच्या झाडाच्या, पदर त्यांचा, आणि माझ्याकडे परसातल्या दगडांशिवाय काय होतं?

स्टँडवर माणसांची ये-जा. कृष्णाबाई बाकड्यापाशी माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मैनाकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघत बोलल्या, "पदर पसरा. ओटी भरते."

मला वाटलं चुकून बोलल्या. चार माणसं बघत होती. मी हळूच बोलले, "मला ओटी चालत नाय, विहीणबाई. तुम्हांला ठाऊक हाय."

"वरमाईला चालते," त्या बोलल्या.

मी पदर पसरला. त्यांनी ओंजळ भरून बिया घातल्या, परत भरून घातल्या, शेवटी पदर झटकून उरलेल्याही घातल्या. स्वतःला एक बी ठेवलं नाय. मग वाकून माझ्या पायांना हात लावायला लागल्या तेव्हा मात्र मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि बोलले, आधी साबण लावून हात धुवा, घरी चला.